बुश रबराचा की पीयूचा? आधी पाठीला विचारा

आठ-नऊ वर्षे वापरलेली छोटी हॅचबॅक गॅरेजच्या रॅम्पवर चढवलेली असते. मालकाची तक्रार साधी असते. खड्ड्यातून गेली की पुढून ‘कट्’ असा आवाज येतो आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढते. मिस्त्री खालून पहार घालून लोअर आर्म हलवून दाखवतो. ‘‘साहेब, आर्मचे बुश गेलेत. रबर फाटलंय बघा.’’

‘‘मग आता?’’

‘‘कंपनीचा बुश सुटा येत नाही, अख्खा आर्म घ्यावा लागेल. बाजारातला रबराचा टाकला तर वर्ष काढेल न काढेल. नाहीतर पीयू टाका. एकदा टाकला की बघायला नको. गाडी एकदम टाइट होईल.’’

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. लाल, निळा, पिवळा असा भडक रंग, हाताला घट्ट, दिसायला देखणा. फाटलेल्या काळ्या रबराच्या शेजारी ठेवला की निवड करायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी खरोखर ‘टाइट’ वाटते. वळणावर स्टिअरिंग हाताच्या सांगण्यात असते, कट्-कट् बंद झालेली असते. मालक खूश असतो. मागच्या सीटवर बसलेली आई मात्र पहिल्याच गतिरोधकावर विचारते, ‘‘काय रे, गाडी एवढी का आपटतेय?’’

त्या आईचा प्रश्न वाहनप्रेमींच्या चर्चेत सहसा येत नाही. तिथे बोलणारा बहुतेक वेळा चालक असतो आणि त्याची तुलना नव्या कोऱ्या पीयूची दहा वर्षांच्या मेलेल्या रबराशी असते. त्या गाडीत नवे, चांगल्या प्रतीचे रबर बसवले असते तरी ती टाइटच झाली असती. सुधारणा बुश बदलल्याची असते आणि श्रेय पदार्थ बदलल्याला मिळते. या एका गोंधळावर पीयूची निम्मी ख्याती उभी आहे.

मुळात हा बुश करतो काय? चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारे जे लोखंडी हात असतात, त्यांच्या टोकाला बोटभर किंवा मूठभर आकाराची एक नळी असते. आत एक धातूची नळी, बाहेर दुसरी आणि मधे दोघींना चिकटवलेले रबर. चाक वर-खाली झाले की आतली नळी जागेवर राहते, बाहेरची आर्मबरोबर फिरते आणि मधले रबर पिळले जाते. इथे घासणारे काहीच नाही. सारी हालचाल रबराच्या पोटातच होते, म्हणून त्याला वंगण लागत नाही. जुन्या गाड्यांत याच जागी धातूचे बुश असत आणि दर काही हजार किलोमीटरला ग्रीस भरावे लागे. पंपात गाडी लावून ‘ग्रीसिंग’ करून घेणे हा त्या काळच्या मालकांचा नित्यनेम होता. रबराने तो नेम संपवला. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली नसती, तर हे शक्य झाले नसते. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते.

रबराचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. ते सगळ्या दिशांना सारखे मऊ ठेवावे लागत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या लोअर आर्मला दोन बुश असतात. पुढचा लहान आणि कडक असतो. वळणावरचा आडवा भार तो पेलतो, त्यामुळे स्टिअरिंग नेमके राहते. मागचा मोठा आणि मऊ असतो आणि त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या असतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळते तेव्हा ते फक्त वर उचलले जात नाही, मागेही ढकलले जाते. त्या क्षणी मागचा बुश काही मिलिमीटर दबतो, चाकाला मागे सरकायला जागा देतो आणि मग पूर्ववत होतो. धक्क्याची धार तिथेच बोथट होते. काही गाड्यांत तर या बुशच्या आत द्रव भरलेला असतो. पोकळ्या पाहून ‘कंपनीने रबर वाचवले’ असे म्हणणारे लोक भेटतात. प्रत्यक्षात त्या पोकळ्यांची दिशा आणि रुंदी ठरवण्यात अभियंत्यांचे महिने जातात आणि बुश बसवताना ती दिशा चुकली तर नवा बुशही नीट काम करत नाही.

आता पीयू. ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुझेन इथे शोधलेल्या रसायनाचे हे कुटुंब. गादीचा फोम त्याचा, बुटाचा तळवा त्याचा आणि गाडीचा भडक बुशही त्याचाच. कडकपणा मोजायच्या ‘शोअर ए’ या मापावर गाडीतले रबरी बुश साधारण ५० ते ६५ च्या घरात येतात. पीयूचे ७० पासून ९५ पर्यंत. हा फरक बोटाने दाबूनही कळतो. शिवाय बहुतेक पीयू बुश आतल्या नळीला चिकटवलेले नसतात. दोन अर्धे भाग दोन बाजूंनी दाबून बसवायचे आणि मधे नळी सरकवायची. म्हणजे हालचाल आता पदार्थाच्या पोटात होत नाही, ती पृष्ठभागावर घासून होते. घासणे आले की ग्रीस आले. ते वाळले किंवा पावसाळी पाण्याने धुऊन गेले की दाराच्या बिजागरीसारखी करकर सुरू होते. ज्या ग्रीसिंगमधून रबराने सुटका केली होती, ते असे मागच्या दाराने परत येते.

घासण्याचा आणखी एक परिणाम असतो आणि त्याकडे कमी लक्ष जाते. स्थिर वस्तू सरकवायला सुरुवातीला जास्त जोर लागतो. तसेच कोरड्या पडलेल्या पीयू बुशला हलवायला एक किमान धक्का लागतो. रस्त्यावरची बारीक खडी, डांबराचे जोड, काँक्रीटच्या खाचा हे सगळे त्या किमान धक्क्याच्या खालचे. तिथे सस्पेन्शन हलतच नाही. हादरा जसाच्या तसा सांगाड्यात आणि सांगाड्यातून सीटमध्ये जातो. मोठ्या खड्ड्यात गाडी ठीक वाटते आणि गुळगुळीत म्हणवणाऱ्या रस्त्यावर अंगाला बारीक थरथर लागते, असे काही मालक सांगतात. त्यांना तो भ्रम वाटतो. तो भ्रम नसतो.

इथून विषय गॅरेजमधून दवाखान्याकडे वळतो, आणि इथेच थोडे सांभाळून बोलायला हवे. ‘पीयू बुशने मणका जातो’ असे कोणी म्हणाले तर ते खोटे आहे. बसलेल्या माणसाच्या धडाला आणि पाठीच्या कण्याला उभ्या दिशेची कंपने सर्वांत जास्त जाणवतात ती साधारण ४ ते ८ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांची. या पट्ट्यात कणा आणि पोटातले अवयव त्या लयीला साथ देऊ लागतात आणि सीटपेक्षा शरीर जास्त हलते. गाडीचा सांगाडा आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळा झुलतो, चाके १० ते १५ हर्ट्झच्या आसपास थडथडतात. यातला बराचसा भाग स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, टायर आणि सीट यांच्या हाती असतो. बुशचे खरे राज्य त्याच्या वर, सुमारे २० हर्ट्झपासून पुढे काहीशे हर्ट्झपर्यंत असते. टायरची घरघर, रस्त्याचा खर्ज आवाज, खड्ड्याच्या कडेचा तो टणक ‘ठक्’ हे तिथले रहिवासी. बुश कडक केला की हे पाहुणे थेट दिवाणखान्यात येतात.

मग त्याची आरोग्याच्या स्तंभात दखल कशासाठी? कारण शरीर हादऱ्यांची बेरीज करते. ट्रक, बस आणि टॅक्सी चालवणाऱ्यांत कंबरदुखीचे प्रमाण जास्त आढळते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्यात तासन्‌तास बसणे, वाकडे बसणे, ओझी उचलणे यांचाही वाटा आहे, सगळा दोष कंपनांचा नाही. तरीही युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कामगारांच्या पूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांवर मर्यादा घातली. आठ तासांच्या दिवसासाठी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर जायचेच नाही. रोज दहा-बारा तास चाक धरणाऱ्या आपल्याकडच्या टॅक्सीचालकाला हे आकडे कोणी सांगत नाही. त्याला ‘लाइफटाइम’ बुश मात्र सगळे सांगतात, कारण त्याचे बुश लवकर जातात आणि गाडी उभी राहिली की कमाई थांबते.

थकव्याचीही गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १५ जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवले आणि सीटला ४ ते ७ हर्ट्झची हलकी कंपने दिली. पंधरा मिनिटांत डोळ्यांवर झापड येऊ लागली. प्रयोग लहान आहे आणि त्यातली कंपने बुशच्या पट्ट्यातली नाहीत, म्हणून तो पीयूविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. पण ज्याला आपण ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून देतो त्यामागे शरीराची मोजता येणारी प्रतिक्रिया असते, एवढे तो सांगतो. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन आल्यावर नुसता घुमणारा आवाज ऐकून डोके जड झालेल्या माणसाला याहून वेगळा पुरावा नको असतो.

आणि मग मागच्या सीटवरची आई. चालकाच्या हातात स्टिअरिंग असते, त्याला पुढचा गतिरोधक दिसतो, त्याचे शरीर आधीच सावरून बसते. मागच्या माणसाला काहीच दिसत नाही. छोट्या गाडीत तो मागच्या चाकांच्या जवळही बसलेला असतो. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क माणसांत अचानक उभा धक्का ही क्षुल्लक गोष्ट नसते. गतिरोधकावरून वेगात गेलेल्या बसच्या मागच्या सीटवरील प्रवाशांच्या मणक्याला फ्रॅक्चर झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ते काम बुशचे नाही, वेगाचे आणि गतिरोधकाचे. पण ज्या देशात गतिरोधक नियमाप्रमाणे बांधला जाईल याची खात्री नसते, तिथे गाडीत शिल्लक असलेला मऊपणा आपल्या हाताने काढून टाकणे हा विचित्र हिशेब आहे. नियम आहे बरे का. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि तो ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असे लिहिले आहे. गल्लीच्या तोंडावर रातोरात उगवलेल्या सिमेंटच्या उंचवट्याला ते माहीत नसते.

पीयूची बाजू पोकळ आहे असे नाही. शर्यतीच्या गाडीत चालकाला चाकाचा प्रत्येक इशारा हवा असतो आणि आराम नको असतो, तिथे तो योग्यच. बंद पडलेल्या मॉडेलच्या गाड्या जिवापाड जपणाऱ्यांना रबरी बुश मिळतच नाहीत, त्यांचा नाइलाज आहे. इंजिनाचे तेल जिथे सतत ठिबकते अशा जागी पीयू रबरापेक्षा जास्त तग धरतो. आणि एक जागा अशी आहे जिथे रोजच्या गाडीतही तो चालून जातो: स्टॅबिलायझर बारचे डी-बुश. हा बार फक्त वळणावर गाडी कलू नये म्हणून असतो आणि तो आपल्या जागी एकाच अक्षावर फिरतो. तिथे कडक पदार्थ टाकला तर आरामात फारसा फरक पडत नाही आणि नेमकेपणा मिळतो. ग्रीस मात्र चुकवू नये.

उलट, मागच्या आडव्या बीमचे मोठे बुश किंवा लोअर आर्मचा मागचा मऊ बुश ही पीयूसाठी सर्वांत चुकीची जागा. तिथे सांधा एकाच वेळी फिरतो, तिरका होतो आणि मागे-पुढे दबतो. पीयूला फिरणे जमते, तिरके होणे जमत नाही. मग तो अडकतो. अडकलेले बल नाहीसे होत नाही, ते पुढच्या कडीकडे जाते: बोल्टकडे, ब्रॅकेटकडे, वेल्डिंगकडे. स्वस्तातला बुश वाचवायला महागातला पत्रा पुढे करण्यासारखे हे आहे.

‘लाइफटाइम’ या शब्दाबद्दलही एक गोष्ट. कपाटात चार-पाच वर्षे ठेवलेले बूट काढावेत आणि चार पावलांत तळव्याचा भुगा व्हावा, हा अनुभव मुंबई-कोकणात घरोघरी आहे. तो तळवा बऱ्याचदा पीयूचाच असतो. पीयूचे दोन मोठे प्रकार आहेत. पॉलिएस्टर जातीचा पीयू दमट उष्ण हवेत पाण्याने हळूहळू तुटतो, पॉलिइथर जातीचा त्यापेक्षा बराच टिकतो. बाजारातल्या रंगीत बुशच्या पाकिटावर तो कुठल्या जातीचा हे बहुधा लिहिलेले नसते, कडकपणाचा आकडाही नसतो. विकणाऱ्याला विचारले तर उत्तर येते, ‘‘इम्पोर्टेड आहे.’’

रबर एवढे लवकर मरते का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही आणि तिथेच खरे दुखणे आहे. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला भेगा पाडतो, उष्णता त्याला कडक करते, ते अटळ आहे. पण बरेचसे मरण गॅरेजमध्ये ओढवून आणलेले असते. सर्व्हिसिंगनंतर गाडी खालून ‘चमकावी’ म्हणून डिझेल किंवा जुने ऑइल मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगते आणि भुसभुशीत होते. मालक पैसे देऊन बुशचे आयुष्य कमी करून घेतो.

दुसरी चूक त्याहून सार्वत्रिक. आर्मचे बोल्ट गाडी रॅम्पवर असतानाच, चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळले जातात. रबर आतल्या नळीला त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेले राहते. त्यावर खड्ड्यांचा पीळ. असा बुश वर्षात फाटला तर नवल नाही आणि मग ‘रबर टिकत नाही, पीयू टाका’ हा सल्ला खरा ठरतो. पीयूची नळी फिरती असल्यामुळे त्याला हा पीळ बसत नाही, एवढेच त्याचे यश. मिस्त्रीला एवढे सांगितले तरी पुरे: बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी मागे-पुढे ढकला आणि मग शेवटचे आवळा. कामाची पाच-दहा मिनिटे वाढतात. हे सांगितल्यावर काही मिस्त्री हसतात, काही म्हणतात ‘‘कंपनीतपण असंच सांगतात.’’

कंपन्यांनाही एक गोष्ट विचारायला हवी. मूठभर रबर गेले म्हणून लोखंडाचा अख्खा आर्म का विकायचा? सुटा बुश बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, तो प्रत्येक गॅरेजात नसतो, हे कारण आहे. पण प्रेस असलेली वर्कशॉप शहरोशहरी आहेत. ग्राहकाला मूळ प्रतीचा सुटा रबरी बुश, त्याचा पार्ट नंबर आणि बसवण्याची दिशा मिळाली, तर स्वस्त रबर आणि कडक पीयू यांच्यात अडकायची वेळ येणार नाही. आज महाग आर्म नको म्हणून माणूस पीयूकडे जातो आणि त्याची किंमत मागच्या सीटवरची पाठ मोजते.

फाटलेला बुश तसाच ठेवणे हा मात्र पर्याय नाही. ब्रेक मारताना चाकाची दिशा बदलते, टायर एका बाजूने झिजतो, ओल्या रस्त्यावर गाडी कधी ओढेल सांगता येत नाही. तो बदलायचाच, आणि रोजच्या गाडीत रबराच्या जागी रबरच. नंतर अलाइनमेंट करून घ्यायचे.

पीयू आधीच बसवून झाला असेल आणि गाडी आपटत असेल, तर सगळे पुन्हा उघडण्याआधी टायरमधली हवा तपासावी. पंपावरचा मुलगा ‘‘किती टाकू?’’ विचारतो आणि बरेच जण सवयीने ३५ किंवा ४० सांगतात. छोट्या गाडीला अनेकदा त्यापेक्षा कमी लागते. नेमका आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो, भरलेल्या गाडीसाठी वेगळा आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळा.